तीन गुणांचं स्वमत

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली शेवटी एक कृती असते: स्वमत. गुण तीन. आकृत्या आणि चौकटी भरून झाल्या की विद्यार्थ्यानं उताऱ्यातल्या विषयावर स्वतःचं मत लिहायचं. पोरांचं घोकणं सुटावं, त्यांनी डोकं चालवावं म्हणून जुनी प्रश्नपत्रिका मोडीत काढून ही कृतिपत्रिका आणली गेली. हेतू उत्तम. आता सराव परीक्षेच्या गठ्ठ्यात काय सापडतं ते ऐका. मी हायस्कूलला मराठी शिकवतो, गठ्ठे माझ्याच टेबलावर येतात.

वाचनाचं महत्त्व या विषयावर वर्गातल्या बहुतेकांचं मत एकच असतं. एकच म्हणजे काना-मात्रेसह एकच. ‘वाचनामुळे माणूस प्रगल्भ होतो’ इथून सुरुवात, मध्ये मोबाइलला दोन शिव्या, शेवटी ‘म्हणून मला असे वाटते की प्रत्येकाने रोज वाचले पाहिजे.’ पहिल्या बाकावरच्यालाही असेच वाटते, शेवटच्या बाकावरच्यालाही असेच वाटते. एका तुकडीत तर बहुतेकांनी ‘प्रगल्भ’मधल्या ‘भ’चा ‘ब’ केला होता, कारण क्लासच्या नोट्समध्ये तो तसाच छापला होता. त्याच गठ्ठ्यात एका पोरानं लिहिलं होतं, ‘मला वाचायला आवडत नाही. पुस्तकात शेवटी सगळं नीट होतं. आमच्या गल्लीत होत नाही.’ मी ते स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. एक सहकारी चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले, “एक द्या. मुद्दे नाहीत.”

अख्ख्या गठ्ठ्यात एका पोराला मत होतं, त्याचा भाव एक गुण ठरला. पुढच्या परीक्षेला तोही प्रगल्भ होईल.

पोरांना दोष देऊ नका. पोरं हुशार आहेत, बाजारभाव ओळखतात. गाइडच्या मुखपृष्ठावर ‘स्वमताच्या उत्तरांसह’ असं ठळक छापलेलं असतं आणि ते वाचून कोणालाही हसू येत नाही. पालक विकत घेतात, शिक्षक फळ्यावर उतरवून देतात, मुलं पाठ करतात. कल्पनाप्रधान निबंधाचंही तेच. ‘सूर्य उगवला नाही तर’ काय होईल, याची कल्पना या राज्यात पिढ्यानपिढ्या ठरलेली आहे: आधी अंधाराची मजा, मग तोटे, शेवटी सूर्य हवाच. मुलानं वेगळी कल्पना केली तर ती कल्पना चुकली असं आम्ही सांगतो. कल्पना चुकवून दाखवण्याचा पराक्रम फक्त शाळेला जमतो.

अशा व्यवस्थेच्या भिंतींवर ‘विद्यार्थीकेंद्रित शिक्षण’ असं रंगवलेलं असतं. प्रशिक्षणात आम्हाला सांगतात की मुलांना निर्णय घेऊ द्या, त्यांना स्वायत्तता द्या. सांगणारे साहेब तीन तास एकटेच बोलतात आणि शेवटी ‘काही शंका?’ विचारून घड्याळाकडे बघतात. या सगळ्या सोहळ्याला माझा एकच प्रश्न आहे. मुलाच्या सांगण्यावरून मोठ्या माणसानं आपला कोणता निर्णय बदलला? बदललेला निर्णय दाखवा, मी स्वायत्तता मान्य करतो. मोठ्यांनी स्वतःकडचं काहीही न सोडता पोरांच्या हाती दिलेल्या स्वातंत्र्याला मी स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यापेक्षा जास्त किंमत देत नाही.

कागदावर आपण कुठे कमी नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं सांगितलं की मूल आपलं ज्ञान आपण रचतं. तो आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते प्रा. यशपाल, वैज्ञानिक माणूस. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं कलम २९ कोणत्याही मुख्याध्यापकानं आपल्या केबिनमध्ये लावावं असं आहे. शिकणं कृतीतून आणि शोधातून व्हावं, मूल भीती आणि दडपणापासून मुक्त असावं, त्याला आपलं मत मोकळेपणानं मांडता यावं, हे सगळं त्यात आहे. म्हणजे मत मांडणं हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे, गुरुजींची मेहरबानी नाही. आणि आपल्याकडे त्या हक्काची अंमलबजावणी कोणत्या दोन आज्ञांनी होते? हाताची घडी, तोंडावर बोट.

लोकशाहीचे धडे म्हणून शाळेत मंत्रिमंडळ असतं. जुलैत मतदान होतं, बोटाला शाई लावतात, शपथविधीचा फोटो ग्रुपवर पडतो. पंतप्रधान, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, पोषण आहार मंत्री, सहलमंत्री. पुढे वर्षभर काय होतं? स्वच्छतामंत्री वर्ग झाडून घेतो, म्हणजे बहुतेकदा स्वतःच झाडतो. सहल कुठे जाणार हे सहलमंत्र्याला नोटीस वाचून कळतं. पोषण आहार मंत्र्यानं आमटी पाणचट आहे असं एकदा म्हणून बघावं; त्या मंत्र्याचं खातं बदलायला वेळ लागणार नाही. खरी सत्ता एकाच मंत्र्याकडे असते, मॉनिटरकडे. बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, परत बोलला की नावापुढे फुली. आपल्याच मित्राची चहाडी करण्याचा अधिकार, एवढीच सत्ता आम्ही मुलांच्या हाती विश्वासानं देतो. मग मोठेपणी लोकशाहीकडून त्यांच्या काय अपेक्षा असणार, हे वेगळं सांगायला नको.

आता मूल्यमापन. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. मुलाला नुसते गुण न देता त्याच्याबद्दल वर्णनात्मक नोंद लिहायची, त्याच्या आवडी, छंद, प्रगती पाहायची. प्रत्येक मूल वेगळं आहे हे कबूल करणारी ही पद्धत होती. आम्ही तिचं काय केलं, हे राज्यातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. सत्र संपत आलं की व्हॉट्सअॅपवर ‘वर्णनात्मक नोंदी’ची पीडीएफ फिरते. विषयवार, इयत्तावार, तयार. ‘प्रश्न विचारतो.’ ‘गटकार्यात उत्साहाने भाग घेतो.’ ‘स्वतःचे मत ठामपणे मांडतो.’ मुलगी असेल तर ‘तो’चा ‘ते’ करायचा, तोही कधीकधी राहतो. वर्षभर ज्या मुलीचा आवाज मी ऐकला नाही, जिला हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायलाही धाप लागते, तिच्या प्रगतिपत्रकावर मी ‘स्वतःचे मत ठामपणे मांडतो’ असं वाचलेलं आहे. तिच्याबद्दल कोणी खोटं लिहिलं, असं म्हणण्यातही अर्थ नाही. तिच्याबद्दल कोणी काही लिहिलंच नव्हतं.

२०२३-२४ मध्ये सरकारनं दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत कोरी पानं घातली. दप्तराचं ओझं कमी व्हावं, वही वेगळी लागू नये, मुलानं पाठ शिकताना आपल्याला सुचेल ते तिथेच टिपावं, अशी योजना. पानावर शीर्षक होतं ‘माझी नोंद’. मुलाच्या मालकीची म्हणावी अशी शाळेच्या पुस्तकातली ही एकमेव जागा. मी त्या वर्षी सहावीच्या एका वर्गात उभा होतो. बाईंनी फळ्यावर तारीख घातली, खाली ‘माझी नोंद’ असं लिहून अधोरेखित केलं आणि त्याखाली पाच वाक्यं लिहिली. वर्गानं ती खाली मान घालून उतरवून घेतली. एका मुलानं कोपऱ्यात बैल काढला होता, सुरेख, वशिंडासकट. तो खोडायला लावला. पुढे २०२५ च्या सुरुवातीला सरकारनं कोरी पानं रद्द केली. मुलं वह्या आणतच होती, पानं वापरली जात नव्हती, असा अनुभव निघाला. कोरं पान दिसलं की त्यावर काय लिहायचं ते सांगावं लागतं, ही सवय आम्हीच लावली आणि मग पानाला दोष दिला.

२०२४ मध्ये शनिवार आनंददायी करण्याचाही आदेश निघाला. आठवड्याचे बाकीचे पाच दिवस कसे असतात, याची त्या निमित्तानं सरकारदरबारी नोंद झाली.

खासगी इंग्रजी शाळांना वाटत असेल की आपण यातून सुटलो. तिथे नाटकाचं नेपथ्य महाग असतं, इतकाच फरक. हेडबॉय-हेडगर्लना खांद्यावर पट्टा, छातीवर बिल्ला, ‘इन्व्हेस्टिचर सेरेमनी’ला कोणीतरी निवृत्त कर्नल. निवडीचा निकष: फाडफाड इंग्रजी आणि पाहुण्यांना फूल देताना बरं दिसणं. प्रकल्प मुलांनी स्वतः करायचे असतात, म्हणून रात्री अकरा वाजता आई थर्माकोल कापत बसलेली असते आणि बाबा प्रिंट काढायला दुकान शोधत फिरतात. ज्वालामुखी, पवनचक्की, सूर्यमाला स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतात, किंमत आकारानुसार. शाळेच्या माहितीपत्रकात याचं नाव ‘स्वयंअध्ययन’.

वर्गातली सगळ्यात छोटी स्वायत्तता शरीराची. तिथूनच बघा. करंगळी वर केल्याशिवाय आणि परवानगी मिळाल्याशिवाय मुलाला लघवीला जाता येत नाही. ‘आत्ताच तर सुट्टी झाली, तेव्हा काय केलंस?’ हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी शाळेतला माणूस मला दाखवा. मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. एक कारण शाळेची स्वच्छतागृहं, दुसरं हे भर वर्गात विचारणं. स्वतःच्या मूत्राशयाबद्दल निर्णय घेण्याइतकाही ज्या मुलावर आमचा विश्वास नाही, त्यानं दहावीच्या निकालानंतर आठ दिवसांत सायन्स की कॉमर्स हे ठरवावं, अशी आमची अपेक्षा असते. आणि तेही त्याला ठरवू देतो थोडंच. घरात चर्चा होते, काका फोन करतात, लातूर पॅटर्नची माहिती निघते, मुलाची बॅग भरली जाते. पुढे तोच मुलगा बाविसाव्या वर्षी ‘काय करावं कळत नाही’ म्हणाला की बाप शाळेत येऊन म्हणतो, “सर, याला निर्णयच घेता येत नाही हो!” कसा येईल? त्यानं आजवर कधी आणि कशाबद्दल घेतला होता?

इथे एक जुना आक्षेप हमखास येतो, आणि तो फार शहाण्या चेहऱ्यानं येतो. स्वातंत्र्य वगैरे श्रीमंतांच्या शाळांचे चोचले. गरिबाच्या पोराला शिस्त लागते, तो शिस्तीनंच वर येतो. हे म्हणणाऱ्यांना महाराष्ट्रातल्या शिक्षणाचा इतिहास ठाऊक नसतो, किंवा ठाऊक असून अडचणीचा वाटतो.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या आणि १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांचं काम रुजलं, वारली आदिवासींच्या मुलांमध्ये. मुलं शाळेत येत नव्हती. का येत नव्हती? कोणाला घरी धाकटी भावंडं सांभाळायची होती, कोणाला गुरं राखायची होती. आजचा अधिकारी अशा मुलांना ‘अनियमित’ असा शेरा मारतो आणि पटनोंदणीचा पंधरवडा पाळतो. या दोघींनी शाळाच उचलली. मुलांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं चरतात त्या माळावर नेली, ती कुरणशाळा. लहान भावंडांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा एका आवारात आणली, ती विकासवाडी. मुलाचं जगणं पाहून मोठ्यांनी आपला निर्णय बदलणं म्हणजे काय, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. ही मुलं श्रीमंतांची नव्हती. पुढे १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. नाव गेलं, अंगणापर्यंत चालत जाण्याची सवय मात्र टेकडीवरच राहिली. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं, तेही मराठी माध्यमात आणि परदेशी शब्दांची आरास न करता. लोक अशा शाळा बघायला जातात, डोळे पुसतात, फोटो काढतात आणि आपल्या शाळेत परत येऊन छडी शोधतात.

मुलांना कसलं आलंय मत, असंही काही जण विचारतात. त्यांनी १८५५ चा ‘ज्ञानोदय’ काढून बघावा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्यात छापून आला. कोवळं वय, शिक्षण अवघं काही वर्षांचं. तिनं सरळ विचारलं की वेद ज्यांचे त्यांचे, मग आमचा धर्म कोणता? पेशवाईत आपल्या माणसांचे काय हाल झाले ते लिहिलं, बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांबद्दल लिहिलं. हे स्वमत. ते तिला गाइडमधून मिळालं नव्हतं. फुल्यांनी तिला नमुना उत्तर दिलं नव्हतं, अक्षरं दिली होती आणि मग तिच्या वाटेतून बाजूला झाले होते. तो निबंध आज एखाद्या मुलीनं कृतिपत्रिकेत लिहिला तर? आम्ही तिला जवळ बोलावून समजावू, “बाळ, विचार छान आहेत, पण परीक्षेत असलं लिहू नये. तपासणारा कोण असेल सांगता येत नाही.” आणि जयंतीला त्याच मुलीकडून सावित्रीबाईंवर भाषण पाठ करून घेऊ.

आता माझ्या जातभाईंविषयी, म्हणजे शिक्षकांविषयी. ज्याला स्वतःला काडीची स्वायत्तता नाही तो ती मुलांना कुठून देणार, हा आमचा लाडका बचाव. त्यात तथ्य आहे. टाचण साहेबांसाठी काढायचं, फोटो अॅपसाठी, माहिती ‘आज सायंकाळपर्यंत’. लिंक भरा, मग तीच माहिती कागदावर द्या, मग कागदाचा फोटो टाका. २०२५ मध्ये तर पहिली ते नववीची वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानं एप्रिलअखेरीपर्यंत घ्यायचं पुण्यातून ठरलं. चंद्रपूरच्या एप्रिलमध्ये दुपारी वर्गाचं काय होतं, हे चंद्रपूरच्या मास्तरला ठाऊक असून उपयोग नव्हता. वरून खाली अविश्वास झिरपतो, हे मान्य. पण वर्गाचं दार लावून घेतल्यावर आत जो कारभार चालतो तो माझा असतो. तिथे मुलाला गप्प बसवायला मंत्रालयातून कोणी येत नाही. साहेबासमोर माझी बोलती बंद होते, म्हणून माझ्यासमोर पोराची बोलती बंद झालीच पाहिजे, हा हिशेब सासुरवासाचा आहे, शिक्षणाचा नाही.

पोर्शन, पटसंख्या, परीक्षा या तिन्ही सबबी मी रोज ऐकतो. शेजारच्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत एक बाई आहेत. त्यांनी सातवीच्या वर्गाला विचारलं की माझ्या शिकवण्यातली कोणती गोष्ट बंद करू? आधी वर्ग गप्प. मग प्रश्न आले: “बाई, किती ओळी लिहायच्या?” “निळ्या पेनानं की काळ्या?” “समास सोडायचा का?” मत विचारलं तर मुलं समासाचा विचार करतात, इथवर आपण त्यांना आणलंय. चौथ्या-पाचव्यांदा विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, “हजेरीच्या क्रमानं वाचायला लावू नका. आम्ही नंबर मोजतो, आपला परिच्छेद तेवढा बघून ठेवतो, बाकीचा धडा ऐकतच नाही.” बाईंनी त्या दिवसापासून हजेरीच्या क्रमानं वाचन बंद केलं. निधी लागला नाही, शासन निर्णय लागला नाही, पोर्शन मागे पडला नाही. लागली ती एवढीच: इतक्या वर्षांची आपली पद्धत एका बारा वर्षांच्या मुलीच्या सांगण्यावरून बंद करायची तयारी. ती तयारी आमच्यात नसते, आणि मग आम्ही पटसंख्येकडे बोट दाखवतो.

या बाईंचा वर्ग शांत नसतो. तिथे मुलं भांडतात, कामं वाटून घेतात, वेळ मोडतात, कधी चुकीचं ठरवतात आणि त्याचा परिणाम भोगतात. एकदा गटानं ठरवलेलं हस्तलिखित वेळेत झालं नाही, कारण सुशोभनालाच सगळे बसले. बाईंनी ते रात्री घरी नेऊन पूर्ण केलं नाही. अर्धवट हस्तलिखित पालकसभेत तसंच मांडलं आणि मुलांनी ते का राहिलं हे स्वतः सांगितलं. सभेत एक पालक म्हणाले, “बाई, तुम्ही लक्ष द्यायला हवं होतं.” बाई म्हणाल्या, “दिलं होतं.” मर्यादा ठरवून देणं शिक्षकाचं काम आहेच. कोणी कोणाला मारायचं नाही, कोणाची जात काढायची नाही, यावर मतदान होत नसतं. पण त्या कुंपणाच्या आत चुकण्याची मोकळीक नसेल, तर मुलानं निवड केली असं म्हणायचं कशाला?

यंदा तपासणीला येणाऱ्या केंद्रप्रमुखांना आणि विस्तार अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. बोलक्या भिंती मोजू नका, मंत्रिमंडळाचा तक्ता बघू नका, नोंदींच्या फायली उघडू नका. मुख्याध्यापकांना बाहेर बसवा आणि मुलांना विचारा: या वर्षी तुमच्या सांगण्यावरून शाळेनं काय बदललं? पाण्याच्या टाकीची जागा, पीटीचा तास, गृहपाठाचा वार, काहीही चालेल. एक जरी गोष्ट निघाली तरी त्या शाळेला शंभरपैकी शंभर द्या. एकही निघाली नाही, तर भिंतीवरचं ‘विद्यार्थीकेंद्रित’ पुसून टाकायचा लेखी आदेश काढा आणि पुसायचं काम स्वच्छतामंत्र्याला न देता मुख्याध्यापकांना द्या.